वृद्धनिवासात रात्रीसाठी बेल कोणती बसवावी, आणि ती वाजल्यावर काय व्हावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे एका तीन मजली बंगल्यात २२ ज्येष्ठांचं निवास आहे. रात्री दोन मावशी आणि गेटवर एक वॉचमन असतो. प्रत्येक पलंगाशी वायरलेस बेल बसवून वर्ष झालं, तरी काहींची बेल खाली ऐकूच येत नाही. काही जण बेल सोडून हाका मारतात, दोघी-तिघी रात्रभर बेल दाबत राहतात, आणि परवा एक आजोबा बाथरूममध्ये पडून बराच वेळ तसेच होते. यापेक्षा चांगली यंत्रणा कोणती घ्यावी?

यंत्रणेबद्दल सांगतो, पण त्याआधी तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या करून बघू. मदतीची हाक पाच ठिकाणी तुटते. माणसाचा हात बेलपर्यंत पोचत नाही. बेल दाबली तरी सिग्नल पोचत नाही. सिग्नल पोचला तरी कुणाला ऐकू जात नाही. ऐकू गेलं तरी जायला कुणी मोकळं नसतं. आणि कुणी गेलंच, तर काय हवंय ते कळत नाही. नवी यंत्रणा यातल्या फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी कामाला येते. उरलेल्या तीन गोष्टी नुसत्या यंत्रणेने सुटत नाहीत.

हातापासून सुरुवात करू. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवलेलं बटण हे पाहुण्यांना दाखवायला ठीक असतं. आडवा पडलेला माणूस खांदा वर नेऊन मागे हात घालू शकत नाही, ऐंशीच्या घरात तर नाहीच. बटण वायरला लटकणारं किंवा सुटं हवं, आणि ते क्लिपने चादरीला किंवा उशीच्या अभ्र्याला अडकवलेलं हवं. अर्धांगवायू झालेल्यांच्या बाबतीत ते चांगल्या हाताच्या बाजूला ठेवायचं. हे सांगायची गरज वाटत नाही, पण सर्वांत जास्त चुकतं ते हेच, कारण पलंग ज्या बाजूने भिंतीला लागलेला असतो त्यावर बेलची बाजू ठरते. डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांचं त्या बाजूकडे लक्षच जात नाही. तिथे ठेवलेलं ताटही त्यांना दिसत नाही, मग बेल कुठून दिसणार? अशांसाठी पलंग फिरवून घ्या. संधिवाताने बोटं वाकलेल्यांना छोटं, टणक बटण दाबता येत नाही. त्यांना तळहाताने किंवा कोपराने दाबता येईल असं बशीएवढं मोठं बटण द्या.

चादर बदलली, कूस वळवली, डायपर बदललं की बेल हमखास पलंगामागे पडते. म्हणून मावशींसाठी एक नियम करा: खोली सोडण्यापूर्वीचं शेवटचं काम म्हणजे बेल आजींच्या हातात देणं आणि त्यांच्याकडून एकदा ती दाबून घेणं. यातून बेलची तपासणीही होते आणि आजींना सवयही राहते. दिवसा गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या माणसाजवळ बेल नसते, हे लक्षात ठेवा. चालत्या-फिरत्या लोकांना मनगटावरचं किंवा गळ्यातलं बटण द्या. गळ्यातली दोरी ओढ बसल्यावर आपोआप सुटणाऱ्या खटक्याचीच हवी. साध्या दोरीने पलंगाच्या कठड्यात अडकून फास बसू शकतो.

आता तुमच्या वायरलेस बेल. बाजारातल्या बहुतेक स्वस्त बेल ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि त्यांचा सिग्नल एकाच दिशेने जातो. बटणावरचा दिवा लागतो तो ‘पाठवलं’ म्हणून. ‘पोचलं’ हे त्या बटणाला कळतच नाही. आजींना लाल दिवा दिसतो, त्यांना वाटतं निरोप गेला, आणि त्या वाट पाहत बसतात. खोक्यावर लिहिलेलं १०० किंवा ३०० मीटर अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. आरसीसीचा स्लॅब, लोखंडी कपाट, लिफ्टचा डक्ट, पाण्याची टाकी मध्ये आली की ते दोन-तीन भिंतींवर येतं. दोघांनी एकदम दाबलं तर दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळून एकही पोचत नाही. बॅटरी उतरली की आधी पल्ला कमी होतो आणि दिवा मात्र लागत राहतो, म्हणून ‘दिवा लागतोय म्हणजे बेल चालू आहे’ ही तपासणी खोटी आहे.

खोलीचा क्रमांक दाखवणारा रिसीव्हर असेल, हॉटेलांत टेबलाचा क्रमांक दाखवायला वापरतात तसा, तर त्याची एक सेटिंग आजच बघा. बरेचदा क्रमांक काही सेकंदांनी आपोआप पुसला जातो. तेवढ्यात मावशी दुसऱ्या खोलीत असली, तर हाक आली होती याचा मागमूसही उरत नाही. आपोआप पुसणं बंद करा. बंद होत नसेल तर जास्तीत जास्त वेळ ठेवा. क्रमांक पुसण्याचं बटण खाली डेस्कवर असण्यापेक्षा हाक आलेल्या खोलीतच असलं पाहिजे, म्हणजे तिथे गेल्याशिवाय हाक बंद होणार नाही. नवी यंत्रणा घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा प्रश्न: बटणाची बॅटरी उतरली किंवा बटण संपर्कातून गेलं तर रिसीव्हर स्वतःहून सांगतो का? तिसरा: हाक कधी आली आणि कधी बंद झाली याची वेळेसह नोंद राहते का? या तिन्हींना ‘हो’ असेल तरच जादा पैसे मोजा.

तुमच्या बंगल्यात मात्र मी वायरच्या साध्या यंत्रणेकडे झुकेन. खोल्या ठरलेल्या आहेत, पलंग हलत नाहीत, आणि केसिंग-पट्टीतून वायर ओढायला भिंती फोडाव्या लागत नाहीत. १२ किंवा २४ व्होल्ट डीसी, प्रत्येक पलंगाशी वायरचं बटण, दाराच्या वर बाहेरच्या बाजूला दिवा, प्रत्येक मजल्यावर एक बझर आणि खाली पॅनल. एकदा दाबलं की दिवा लागून राहणार आणि पलंगाशी जाऊन रिसेट केल्यावरच विझणार. २३० व्होल्टच्या वायरच्या पाइपमधून ही वायर नेऊ नका. नेली तर नसत्या वेळी बेल वाजतील, आणि इन्सुलेशन खराब झालं तर आजींच्या हातातल्या बटणात करंट येईल. वायरलेस बटणं काढून टाकायची गरज नाही. ती खुर्च्या, गॅलरी आणि जेवणाच्या खोलीसाठी ठेवा.

महावितरणची वीज गेली की काय होतं, हे रात्रीच्या मावशींना विचारा. प्लगमध्ये खोचलेला रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल तर वीज जाताच तो मुका होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पॅनलला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी लावली, तर हिशेबाने ती ८४ वॉट-अवर होते. पॅनल आणि दिवे मिळून १० वॉट घेत असतील तर कागदावर आठ तास. प्रत्यक्षात चारच धरा. आपल्याकडच्या उकाड्यात ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा. महिन्यातून एकदा दिवसा एमसीबी पाडून तासभर यंत्रणा बॅटरीवर चालवून बघा. सुट्या बटणांतले सेल मरायची वाट बघू नका. जानेवारी आणि जुलै असे दोन महिने ठरवून सगळे एकदम बदला.

परवाचा प्रसंग बाथरूममधला आहे, त्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहितो. पडलेला माणूस उभं राहून बटण दाबू शकत नाही, म्हणून बाथरूममध्ये बटणापेक्षा ओढायची दोरी हवी. ती छतापासून किंवा उंचावरच्या स्विचपासून जवळजवळ जमिनीपर्यंत यावी. तिला ओढायला दोन गोल कड्या असाव्यात: एक जमिनीपासून ८० ते १०० सेंटिमीटरवर, म्हणजे कमोडवर बसलेल्याच्या हाताशी, आणि दुसरी जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर. दोरी लाल आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली घ्या. सुती दोरी काळी पडते आणि कुजते. कमोड आणि आंघोळीची जागा लांब असतील तर दोन दोऱ्या लागतील. स्विच पाण्याचे फवारे झेलणारा, निदान आयपी ५५ दर्जाचा हवा. आपल्याकडे बाथरूम बादलीने आणि ॲसिडने धुतात, आणि पावसाळ्यात आतल्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो.

हे सगळं करूनही दोरी निरुपयोगी ठरते ती एका गाठीमुळे. लादी पुसताना मध्ये येते म्हणून सफाई करणारी बाई ती गुंडाळून वर बांधते, आणि मग ती तशीच राहते. रोज संध्याकाळी सहाला प्रत्येक बाथरूममध्ये जाऊन दोरी सुटी आहे का ते बघणं हे एका नेमक्या माणसाचं काम ठरवा, आणि सहीचा तक्ता दारामागे लावा. बाथरूमच्या दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी, आणि शक्य असेल तिथे दार बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला पडलेल्या माणसाचं शरीर लागलं की दार ढकलता येत नाही.

पडल्यानंतर जमिनीवर तासाहून अधिक पडून राहणं हे मूळ इजेइतकंच घातक ठरू शकतं: त्वचेला व्रण पडतात, अंगातलं पाणी कमी होतं, दाबलेले स्नायू सडून मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून बाथरूमच्या हाकेचा आवाज पलंगाच्या हाकेपेक्षा वेगळा ठेवा, आणि त्याला हातातलं काम सुरक्षितपणे सोडून लगेच पळायचं. पोचल्यावर काखेत हात घालून उचलायचं नाही. आधी बोलायचं, डोक्याला मार आहे का पाहायचं, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो का पाहायचं. तसा दिसला तर खुबा मोडल्याची शक्यता आहे, हलवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो ठीक दिसत असला तरी डॉक्टरांना लगेच कळवा.

आवाजाबद्दल. एखादी मावशी रिसीव्हरच्या स्पीकरवर चिकटपट्टी लावते आणि आपण तिला रागावतो. ती पट्टी लावते कारण एका बेलने सगळा मजला उठतो आणि मग दहा जणांना पुन्हा झोपवावं लागतं. तिची अडचण खरी आहे. दोन्ही मावशींना मनगटावर थरथरणारे, खोली क्रमांक दाखवणारे पेजर द्या. मजल्यावरचा बझर रात्री हळू ठेवता येईल. पेजर ड्युटी बदलताना चार्जरवरून काढून हातात द्यायचा आणि त्याच वेळी एक बेल दाबून तो थरथरतो का ते बघायचं. उतारवयात बारीक, तीक्ष्ण आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून ज्येष्ठांना स्वतःला ऐकू जायला हवा असा आवाज, म्हणजे आगीचा अलार्म, जाड आणि खालच्या पट्टीतला घ्या. ५२० हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजाने ऐकू कमी येणारेही जागे होतात.

तीन मजले, २२ माणसं आणि दोन मावशी. एका जड रुग्णाला वळवायला दोघी लागल्या की त्या दहा मिनिटांत बाकीच्या २१ जणांना कुणीच नसतं. यावर बेल काही करू शकत नाही. तिसरा माणूस हवा. नवा नेमणं परवडत नसेल तर वॉचमन किंवा मुक्कामी स्वयंपाकी. त्याला उचलणं-वळवणं शिकवायची गरज नाही. त्याने फक्त दोन मिनिटांत दारात जायचं, ‘आलोय, मावशी येतायत’ असं सांगायचं, डोळ्यांनी बघायचं आणि खाली कळवायचं. ठरवून टाका: तीन मिनिटांत हाक बंद झाली नाही तर ती वॉचमनकडे वाजेल, सहा मिनिटांत नाही तर तुमच्या फोनवर.

आणि हे खरंच होतं का, ते मोजा. आठवड्यातून एकदा, न सांगता, रात्री दोन-तीनच्या सुमारास एका बाथरूममधल्या दोरीची खालची कडी ओढा. दार लावलेलं, पंखा चालू. दारात माणूस येईपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजा आणि वहीत लिहा. उशीर झाला तर मावशीला झापू नका, त्या क्षणी ती कुठे अडकली होती ते विचारा. झापलंत तर पुढच्या वेळी ती तुमच्या पावलांची चाहूल ठेवेल, बेलची नाही.

रात्रभर बेल दाबणाऱ्या आजींची बेल काढून घेणं किंवा ‘चुकून’ लांब ठेवणं हा छळ आहे, आणि तसं झालं तर तुम्हाला कळलंच पाहिजे. आठवडाभर त्यांच्या हाकांच्या वेळा आणि कारणं लिहून काढा. बहुतेक वेळा कारण सापडतं: लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, गुडघ्याची कळ, अंधाराची भीती, किंवा लघवी होण्याची गोळी संध्याकाळी दिली जाणं. ती गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. कधीकधी तेवढ्यानेच रात्र शांत होते. पहाटे पाच ते साडेसहा संडासासाठी हाकांचा गर्दा होत असेल तर पावणेपाचला स्वतःहून फेरी मारा.

मला जास्त काळजी वाटते ती कधीच बेल न दाबणाऱ्यांची. ‘कशाला त्या पोरीला उठवायचं’ म्हणून अंधारात एकट्याने संडासला निघणाऱ्या आजी आपल्या घराघरांत आहेत. त्यांना ‘काही लागलं तर बेल दाबा’ असं सांगून उपयोग नाही. ‘उठायच्या आधी बेल दाबा, तुम्ही पडलात तर मला जास्त काम पडतं’ असं मावशीनेच सांगितलं तर त्या ऐकतात. विस्मरणाचा आजार असलेल्यांना नवं बटण शिकता येत नाही. त्यांच्यासाठी पलंगाशेजारी दाबाची चटई किंवा गादीखालचा सेन्सर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर दोन तासांची फेरी. फेरीत चार गोष्टी: दुखतंय का, लघवी-संडास, कूस, आणि पाणी-चष्मा-बेल हाताशी आहे का. फेरीची खरी वेळ लिहा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. रात्रीची एक प्रामाणिक नोंद तिथे उपचार मिळवून देते. सकाळी बसून भरलेला तक्ता दिशाभूल करतो.

आता पाचवी जागा, बोलणं. ठाण्यात मावशी पालघरमधल्या मोखाड्याच्या असतात, नाहीतर परप्रांतातल्या. आजी कोकणातल्या, गुजराती, मल्याळी. विस्मरणात माणूस आपल्या लहानपणीच्या भाषेकडे परततो. ‘परसाकडे जायचंय’, ‘मोरीत ने’, ‘भोवळ येतेय’, ‘उमासे येतायत’, ‘चमक भरली’ हे शब्द विशीतल्या मुलीला कळत नाहीत. प्रत्येकाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला त्याचे स्वतःचे दहा-बारा शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून लावा. नातेवाइकांकडून दाखल करतानाच घ्या. आणि ‘कसंतरीच होतंय’ हा शब्द कधीही हसण्यावारी नेऊ नका. मधुमेही ज्येष्ठांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. हे वाक्य ऐकलं की नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर बघायची; साखर ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी.

ऐकू कमी येणाऱ्याशी ओरडून बोलू नका. ओरडल्याने आवाज फाटतो आणि शब्द आणखी पुसट होतात. पंखा-टीव्ही बंद, चेहऱ्यावर उजेड, समोर बसून, सावकाश आणि जाड आवाजात. रात्री श्रवणयंत्र काढलेलं असतं, म्हणून खालून स्पीकरवर ‘काय हवंय?’ विचारण्याची यंत्रणा तुमच्याकडे फारशी चालणार नाही. माणसानेच जायला हवं. श्रवणयंत्राच्या सेलचे रंग ठरलेले असतात: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. प्रत्येकाचा रंग फाइलवर लिहा. वरची चिकटपट्टी काढून सेल मिनिटभर हवेवर ठेवा, मग बसवा.

पक्षाघातानंतर बोलता न येणारे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत होते. एकाची जीभ जड असते पण भाषा शाबूत असते. त्याला अक्षरांचा तक्ता द्या. आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची आहे: ‘स्वरांची ओळ? क-ची ओळ? च-ची ओळ?’ असं विचारत जायचं, पापणी मिटली की त्या ओळीतलं एकेक अक्षर. दुसऱ्याची भाषाच विस्कटलेली असते. त्याला अक्षरतक्ता म्हणजे शिक्षा. त्याला चित्रं द्या, आठाहून जास्त नको, आणि छापील चित्रांपेक्षा तुमच्याच निवासातल्या तांब्याचे, कमोडचे, पंख्याचे, त्याच्या चष्म्याचे फोटो. एका वेळी एकच प्रश्न, ‘हो-नाही’त उत्तर येईल असा, आणि मनात दहापर्यंत मोजून थांबायचं.

शेवटी बाहेरची मदत. फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत: रुग्णवाहिका १०८, पोलीस-आग-वैद्यकीय सगळ्यासाठी ११२, आणि जवळच्या दोन खासगी रुग्णवाहिकांचे क्रमांक. त्याखाली पत्ता बोलायचा तसा लिहा: कुठून वळायचं, कोणती खूण, गेट कुठल्या बाजूला, कितवा मजला, स्ट्रेचर जिन्यात वळतो की नाही. वळत नसेल तर खाली आणायची खुर्ची आधीच ठरवून ठेवा. फोनवर आधी पत्ता, मग वय आणि काय झालं, शुद्ध आणि श्वास आहे का, कधीपासून. समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. घोडबंदर रस्त्यावर रात्री अवजड गाड्या असतात आणि गायमुख घाटात कोंडी झाली की ती लवकर सुटत नाही, म्हणून कुठलं रुग्णालय हे प्रत्येकाच्या नावापुढे आधीच लिहिलेलं हवं, पर्यायासह. दाराशी प्रत्येकाची एक पातळ फाइल: औषधांची आजची यादी, ॲलर्जी, जुने आजार, विम्याची आणि आधारची प्रत, घरच्या दोघांचे फोन. घरच्यांना फोनच करायचा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं नाही. फोन करणारी मावशी आजींजवळची नको, दुसरी हवी. ती फोनवर असताना वॉचमनने गेट उघडून, रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं राहायचं.